हाकाऱ्याची शीळ

फार पूर्वी एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे गाव होते. थंडी सुरू झाली की तिथे परमुलखातून एक पक्षी येई. दिवसभर खाडीच्या चिखलात वावरे. त्याची शीळ लांबलचक आणि रडवी होती. तो दर्यावर गेलेल्या माणसाला हाक मारतो आणि मग तो माणूस परतत नाही, अशी गावाची समजूत होती. म्हणून त्याला हाकाऱ्या म्हणत. भीतीपोटी कोणी त्याच्याकडे नीट बघतही नसे.

एकदा वारा फिरला आणि एका कोळिणीचा नवरा होडीसकट बेपत्ता झाला. सकाळी माणसे शोधायला निघाली, तोच खाडीकडून शीळ ऐकू आली. माणसांनी वल्ही खाली ठेवली.

सासू दारातच बसली. "गेला माझा लेक! सूनबाई, कुंकू पूस."

"आधी तो पक्षी बघून येते," सून म्हणाली.

"अगं, त्याच्याकडे बघू नये!"

"ज्याच्या सांगण्यावरून कुंकू पुसायचं, त्याचं तोंड तरी बघू दे, आई."

ती चिखलाच्या कडेला जाऊन बसली. पक्षी कोंबडीएवढा, मातकट रंगाचा होता. चोच लांब, कोयत्यासारखी खाली वाकलेली. ती चिखलात खुपसून तो खेकडे काढत होता. भरतीचे पाणी चढू लागले तसा तो उडाला आणि त्याने शीळ घातली. लगेच दुरून दुसरी शीळ आली, मग तिसरी. पांगलेले पक्षी एकत्र जमले आणि कोरड्या जागी जाऊन उतरले.

ती धावत किनाऱ्यावर आली. होड्यांचा म्होरक्या म्हणाला, "हाकाऱ्यानं नेलेला माणूस शोधून काय मिळणार?"

"तो आपल्या माणसांना नेत नाही, दादा. पाणी चढलं की सोबत्यांना बोलावतो, कोणी मागे राहू नये म्हणून. आपणच आपला माणूस मागे टाकून बसलोय."

तिने वल्हे उचलले. म्होरक्या खाली मान घालून उठला. त्याच्यामागे बाकीचे उठले.

दुपारी एका खडकावर तिचा नवरा सापडला. होडी फुटली होती. तहानेने आणि गारठ्याने तो अर्धमेला झाला होता. संध्याकाळपर्यंत टिकला नसता.

लेक बरा झाल्यावर एक दिवस सासू सुनेला म्हणाली, "मलाही दाखव गं तो पक्षी."

सुनेचा हात धरून ती चिखलाच्या कडेला गेली आणि म्हातारपणी पहिल्यांदाच तिने त्याला डोळे भरून पाहिले.

तात्पर्य: ज्याची भीती वाटते त्याला आधी नीट पाहावे, न पाहता धरलेल्या भीतीपायी जिवंत माणूसही हातचा जातो.