टिकलीचं दूध आणि मापटंभर भरडा

तेव्हा गावात गिरणी नव्हती. घरोघरी जातं होतं. सकाळ झाली की जातं बोलायचं, घर्र घर्र, घर्र घर्र. त्या वेळची ही गोष्ट.

पवळी गाईची एक वासरी होती. एवढीशी! कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून तिचं नाव टिकली.

उन्हाळा आला. माळावरचं गवत वाळलं. पायाखाली वाजायचं, कुर्र कुर्र! पवळी चरून घरी आली. टिकली धावली, टुणुक टुणुक. आईच्या कासेला लागली. चुक चुक चुक! दूधच नाही. ढुशी दिली, ढुश्श! तरी दूध नाही.

“आई, आई, दूध दे ना!”

“कुठून देऊ गं, बाळा? माळावर नुसतं वाळकं गवत. त्यानं दूध येत नाही. मला मापटंभर मक्याचा भरडा आण. मग दूध देते.”

टिकली निघाली, टुणुक टुणुक. सरूकाकू दारात मका निवडत होती.

“काकू, काकू, भरडा दळ. भरड्यावाचून पवळी दूध देईना. दुधावाचून माझं पोट भरेना!”

काकू म्हणाली, “अगं, जात्याचा खुंटा मोडलाय. जातं फिरवू कशी? खुंटा आण. मग भरडा दळते.”

टिकली निघाली, टुणुक टुणुक. सुतारमामा लिंबाखाली बसला होता.

“मामा, मामा, खुंटा तास. खुंट्यावाचून काकू भरडा दळेना. भरड्यावाचून पवळी दूध देईना. दुधावाचून माझं पोट भरेना!”

मामा म्हणाला, “माझी तासणी बघ, पार बोथट! तिला धार लावून आण. मग खुंटा तासतो.”

मामानं तासणी टिकलीच्या गळ्यात बांधली. टिकली निघाली, टुणुक टुणुक. लोहारदादा भात्याजवळ रिकामा बसला होता.

“दादा, दादा, धार लाव. धारेवाचून मामा खुंटा तासेना. खुंट्यावाचून काकू भरडा दळेना. भरड्यावाचून पवळी दूध देईना. दुधावाचून माझं पोट भरेना!”

दादा म्हणाला, “भट्टी विझलीय गं. पेटवायला गोवरी नाही. गोवऱ्या आण. मग धार लावतो.”

टिकली निघाली. टुणुक... टुणुक... पाय दुखले. पोट गुरगुरलं. ठकूआजी अंगण सारवत होती.

“आजी, आजी, गोवऱ्या दे. गोवऱ्यांवाचून दादा धार लावेना. धारेवाचून मामा खुंटा तासेना. खुंट्यावाचून काकू भरडा दळेना. भरड्यावाचून पवळी दूध देईना. दुधावाचून माझं पोट भरेना!”

आजी म्हणाली, “देते की! पण माझं अंगण बघ. एवढा कोपरा राहिला. शेणच संपलं. शेण आण. मग गोवऱ्या देते.”

आता कुणाकडे जायचं? टिकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उभी राहिली. शेपूट वर केलं. आणि...

पच्च!

आजी खो खो हसली. “अगं माझे बाई! एवढंच तर हवं होतं!”

आजीनं कोपरा सारवला, सर्र सर्र. गोवऱ्या पाटीत भरल्या. पाटी डोक्यावर घेतली. “चल, मीच येते.”

गोवऱ्या आल्या. दादानं भट्टी पेटवली. भाता हलला, फुस्स फुस्स. धार लागली, ठण ठण!
धार लागली. मामानं खुंटा तासला, खट खट.
खुंटा आला. काकूनं भरडा दळला, घर्र घर्र.

काकूनं मापटं भरलं. भरडा घमेल्यात पाणी घालून भिजवला. पवळीपुढे ठेवला. पवळीनं खाल्ला, लप लप लप. घमेलं चाटलं. “आणखी!”

“नाही हं,” काकू म्हणाली. “जास्त झाला तर पोट फुगेल. उद्या माळावर चर. घरी आलीस की पुन्हा एक मापटं.”

पवळी बसली. रवंथ केला. सकाळ झाली. टिकली धावली, टुणुक टुणुक. कासेला लागली. चुक चुक चुक...

दूध! कोमट कोमट, गोड गोड दूध! तोंडावर फेस आला. पांढऱ्या मिशा आल्या! आजी हसली, दादा हसला, मामा हसला, काकूही हसली.

मग उन्हाळाभर असंच. दिवसा माळावरचं गवत, घरी मापटंभर भरडा, आणि टिकलीला पोटभर दूध.

आता भरडा गिरणीतून येतो. काकूचं जातं भिंतीला टेकून उभं आहे. कुणी त्यावर हात फिरवला, तर दगड अजून गुळगुळीत लागतो.

तर असं टिकलीचं पोट भरलं. आईच्या कुशीत डोळे मिटले. आता तूही मीट.