झाकणाचा स्क्रू

“…म्हणजे हातानं कापायच्या? घरात यंत्र उभं असताना?”

शमशूनं हे विचारलं, तेव्हा इसाकबाबांनी भिंतीवरची करवत आधीच काढली होती.

बाबा फकीर. खाडीकाठच्या कबरस्तानाला लागून त्यांची झोपडी. गावात कुणी गेलं की कबरीत आडव्या टाकायच्या फळ्या बाबाच कापून देत, म्हणजे माती फळ्यांवर पडते, मयतावर पडत नाही.

शमशू त्यांचा नवा चेला. शहरातलं फर्निचरचं दुकान विकून, सगळं सोडून आला होता. म्हणजे जवळजवळ सगळं. लाकूड कापायचं यंत्र मात्र टेम्पोत घालून सोबत आणलं होतं. बाबांनी तेव्हा एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा शमशूकडे पाहिलं आणि दोघांनाही जागा करून दिली.

त्या दुपारी ताजुद्दीन तांडेल वारले होते आणि त्यांचा मुलगा अनीस फळ्या मागायला आला होता. कबर खोदून होत आली होती. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की माती द्यायची. बापानं रात्रभर फार सोसलं, आता त्याला ताटकळत ठेवू नये, एवढंच अनीसचं म्हणणं होतं.

“काळजी करू नकोस,” शमशू त्याला म्हणाला. “पाच मिनिटांत देतो. माझा शब्द.”

यंत्राचं पातं आदल्याच दिवशी एका खिळ्यावर आपटून बोथट झालं होतं. ते बदलायचं तर वरचं लोखंडी झाकण काढायला हवं. झाकणाला एकच स्क्रू. खाऱ्या हवेनं तो गंजून जागच्या जागी बसला होता.

शमशूनं स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला. स्क्रू हलला नाही.

बाबा म्हणाले, दोघं मिळून लागलो तर हातानंही वेळेत होईल. शमशूनं मान वर न करता सांगितलं, की त्यानं शब्द दिलाय.

“बरं,” म्हणून बाबा करवत घेऊन अंगणात गेले. कबर खोदणारा एक जण त्यांच्या मदतीला बसला.

शमशूचा स्वभाव असा, की समोरून म्हैस आली तर हा बाजूला व्हायचा नाही, म्हशीनं व्हावं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, ही म्हण बहुधा याच्यासारख्या कुणाला तरी बघून निघाली असावी. आणि खोटं कशाला बोला, अशा माणसाचं मला कौतुकच वाटतं. जग यांच्याच जिवावर थोडंफार पुढं सरकतं.

त्यानं हातोडीनं स्क्रूचा माथा ठोकला. खाचेतला गंज खिळ्यानं खरवडून काढला. मग रॉकेलची बाटली आणली. पण दोन्ही हात स्क्रूड्रायव्हरवर, बाटली धरायची कुणी? अनीस जवळच उभा होता. त्यानं धरली.

“थेंब थेंब सोड,” शमशू म्हणाला.

अनीस थेंब थेंब सोडू लागला.

“हात कापतोय तुझा. नीट धर.”

अनीसनं दोन्ही हातांनी बाटली धरली.

अंगणातून करवतीचा आवाज येत होता. आत शमशू घामानं निथळत होता. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर पाना अडकवून त्यानं अंगाचा भार टाकला. पाना निसटला, अंगठा सोलला गेला. त्यानं अंगठ्याला फडकं बांधलं आणि पुन्हा पाना अडकवला. अनीस मध्ये काहीतरी बोलला. शमशू म्हणाला, “झालंच.” थोड्या वेळानं बाटली हाताला लागेना तेव्हा त्यानं पाहिलं, तर ती यंत्राच्या कडेवर ठेवलेली होती. त्यानं ती स्वतः उचलून ओतली.

शेवटी चिडून त्यानं पाना भलत्याच बाजूला, म्हणजे आवळायच्या बाजूला हिसकला.

कट्ट…

गंज तुटला होता. मग स्क्रू असा फिरला, की जणू त्याची कधी तक्रारच नव्हती.

शमशू एकटाच मोठ्यानं हसला. त्यानं नवं पातं बसवलं, झाकण तसंच बाजूला ठेवून यंत्र सुरू केलं आणि फळ्या कापल्या. एकीसारखी दुसरी. मग अभिमानानं हाक मारली, “अनीस, घेऊन जा!”

कुणी आलं नाही. अंगणात भुशाचा ढीग होता आणि करवत जमिनीवर पडली होती.

बऱ्याच वेळानं बाबा आले. हात मातीनं भरलेले.

“बाबा, निघाला.” शमशूनं स्क्रू ठेवलेला तळहात पुढं केला.

बाबांनी स्क्रू निरखून पाहिला. “घट्ट बसला होता.”

“माझ्यापुढं काय टिकतो.”

“नाही टिकला.”

“फळ्या तयार आहेत. अनीस कुठं गेला?”

बाबा ओट्यावर बसले. हातांवरची माती झटकू लागले.

“बाबा…?”

“माती देऊन झाली.”

“पण फळ्या…”

“आम्ही कापल्या. जरा वाकड्या झाल्या. ताजुद्दीननं तक्रार केली नाही.”

शमशूची मूठ मिटली. “मला हाक का नाही मारली?”

“अनीसनं मारली. जनाजा निघतोय, चल म्हणाला. तू म्हणालास, झालंच.”

शमशू खाली बसला. त्याला फार लाज वाटली. ज्याचा बाप घरात निजलेला, त्याच्या हातात आपण बाटली दिली आणि वर त्याचा हात कापतो म्हणून त्यालाच बोललो, हे आता त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मी त्याच्यासाठीच करत होतो, बाबा.”

“हो. पहिला जोर त्याच्यासाठीच होता.”

…

खाडीवरून वारा आला. भुसा थोडा उडाला.

शमशू उठला. डोळे पुसले. “मी जातो त्याच्याकडे.”

“जा. कबरीपाशी एकटाच बसलाय.”

शमशू भराभरा निघाला, मूठ तशीच मिटलेली. कुंपणापर्यंत पोचला तेव्हा बाबांनी हाक मारली.

“शमशू… तो स्क्रू इथं ठेवून जा.”