‘स्वरपाकळी’नं वाखाणलेली पेटी

कॅसेटी अजून घरोघरी पोचायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात ‘स्वरपाकळी’ हे संगीताचं मासिक निघायचं. त्यानं वाखाणलेली पेटी लोक डोळे झाकून घेत. गाणं शिकवणाऱ्या शकूताईंनीही तशीच घेतली. परीक्षणात ‘भरदार सूर’ होता. घरी आलेली पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. त्याच अंकाच्या मागच्या पानावर त्याच पेटीची पानभर जाहिरात होती, ती ताईंना तेव्हा कुठं दिसली.

वर्षभरानं संपादक इंगवलेच लेकीला घेऊन दारात आले. हातात पेढ्यांचा पुडा.

“ताई, पोरीच्या गळ्यात गाणं आहे का, खरं सांगा. कॉलेज सोडून गाणंच करीन म्हणतेय. तुमच्या शब्दावर ठरवणार.”

ताईंनी पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “वा! भरदार आवाज. तिन्ही सप्तकांत फिरतो.”

“अहो, तिनं अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!”

“मग? तुम्ही तरी त्या पेटीचा भाता कुठं उघडला होतात?”

पोरगी खुदकन हसली.

पुढच्या अंकात त्या पेटीचं खरंखुरं परीक्षण आलं, आणि मागचं पान कोरं. ते कोरं पान शकूताईंनी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं.