हरित घराची पाटी

सूर्याला माणसांनी नुकतंच छपरावर कामाला जुंपलं होतं, तेव्हाची गोष्ट. इंदुताई खटावकरांच्या छपरावर सौर पॅनल बसलं. नगरपालिकेनं त्यांना घरपट्टीत सूट दिली, वर ‘हरित घर’ अशी पाटीही मंजूर केली. अंगणातल्या कडुनिंबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हिरवा मी, आणि हरित म्हणे हे काळंठिक्कर!” तो जळफळला. “तीस उन्हाळे सावली धरली, मला कुणी विचारलं?” रागारागानं तो पॅनलवर पिवळी पानं टाकू लागला.

“दादा, पाटी तुम्हीच घ्या,” पॅनल म्हणालं. “मला आपलं ऊन पुरे.”

पाटी लावायला माणूस आला, तेव्हा इंदुताई म्हणाल्या, “भिंतीला आत्ताच रंग दिलाय हो. त्या झाडावरच ठोका.”

चार लांबलचक खिळे निंबाच्या बुंध्यात गेले.

“शोभते हो दादा, पाटी!” पॅनल मनापासून म्हणालं. “दुखत तर नाही ना?”

“छे, मुळीच नाही,” निंब म्हणाला. खिळ्यांपाशी डिंक ओघळत होता.