येसूचं टाकं

फार पिढ्यांमागे, सिमेंट हा शब्दही खाडी ओलांडून आला नव्हता तेव्हा, कांदळवाडीला गोड्या पाण्याचं एकच टाकं होतं, तेही खाडीच्या काठावर. त्याची चुन्याची भिंत तडकायची आणि उधाणाचं खारं पाणी आत शिरायचं. तीनदा बांधलं, तीनदा फुटलं. चौथ्यांदा फुटलं तर गाव उठवायचं, असं ठरलं होतं.

त्या गावात येसू नावाची बाई काथ्या कुटत असे. नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या साली, खाडीच्या चिखलात दहा महिने कुजवायची, मग कुटून तंतू मोकळे करायचे, हे तिचं काम. एकदा तिच्या काथ्यावर गवंड्याचा चुना सांडला आणि वाळला. तिनं तो गोळा ठेचला. गोळा फुटला, पण सुटला नाही. तंतूंनी तुकडे धरून ठेवले होते.

चुन्यात काथ्या घाला, असं तिनं सांगितलं तेव्हा धाकू गवंडी हसला.

“गे येशे, टाका बांधूचा आसा की सुंभ वळूचो?”

“सुंभ जळलो तरी पीळ जाणा नाय, धाकल्या. तुझो चुनो न जळताच फुटता!”

पण पहिली चूक तिचीच झाली. तिनं हातभर लांब तंतू तसेच घातले. त्यांचे गुंते झाले, गुंत्यांत पोकळ्या राहिल्या, आणि नमुन्याची भिंत चाळणीसारखी गळली. मग तिनं तंतू बोटाएवढे कापले आणि घाण्यात चुना मळला जात असताना चिमूट चिमूट पेरले. धाकूनं कुरकुरत का होईना, चुना दिला आणि टाकं चौथ्यांदा बांधलं. गाव उठलं असतं तर त्यालाही उठावं लागलं असतं.

असं म्हणतात, की श्रावणातल्या उधाणात, भर दुपारी, दोर तुटलेला एक पडाव, मालाची मोठी होडी, टाक्यावर आदळला. भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले. येसू दोन्ही तळवे भिंतीला लावून उभी राहिली, आणि भिंत तिच्या श्वासाबरोबर हलू लागली, असं म्हणतात. तीन भरत्या ती तशीच उभी होती म्हणे. काही जण सात सांगतात. एवढं मात्र सगळेच सांगतात, की ओहोटी लागल्यावर धाकूनं टाक्यातलं ओंजळभर पाणी चाखलं आणि तो रडू लागला. पाणी गोड होतं.

आता गावात नळ आहेत, घरांवर काँक्रीटचे स्लॅब आहेत. तरी स्लॅब टाकायच्या दिवशी घरातली बाई मूठभर काथ्या घेऊन बसते. पट्टी वापरत नाही. स्वतःच्या बोटाला लावून कापते. तो मालात पडेपर्यंत मिस्त्री, कोणत्याही मुलखातला असो, थांबतो. मग ओल्या मालावर तळवा टेकवून ती म्हणते,

“येसू, धर.”