शमी तोडल्यानंतरचं तिसरं वर्ष

पूर्वी अवंतीच्या कोरडवाहू टोकाला अंजन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका कुणब्याच्या घरी जन्मले. नाव सुभूम. गावचा मुखिया होता ग्रामणी रोहक. माणूस मनाचा वाईट नव्हे, पण एकदा बोलला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही!

शेताशेतात शमीची झाडं होती. ती रोहकाच्या डोळ्यांत खुपत. "झाड उभं, तेवढी पेर कमी. तोडा सगळी!" त्यानं गावाला सांगितलं.

सुभूम हात जोडून म्हणाला, "ग्रामणी, शमीचा पाला मातीत कुजतो, गुरं तिच्या सावलीत बसतात, तिच्या मुळांनी जमीन सकस होते. माझी झाडं मी तोडणार नाही."

"नको तोडू. पण गावाच्या खळ्यावर तुझी मळणी बंद!"

सुभूमानं वाद घातला नाही. तो आपली बाजरी माळावरच्या खडकावर मळू लागला.

पुढच्या पावसाळ्यात नवल झालं. जिथं जिथं शमी तोडली होती, तिथं बाजरी पुरुषभर वाढली. रोहकाला आभाळ ठेंगणं झालं. "आता बोल! म्हणे झाड जमिनीला पोसतं. अरे, झाड गेलं आणि जमीन सुटली!"

"ग्रामणी, झाडांनी वर्षानुवर्षं रांधून ठेवलेलं तुम्ही वाढून घेताय," सुभूम म्हणाला. "संपलं की मागे कुणी रांधणारं नाही." गाव खो खो हसलं. दुसऱ्या वर्षीही पीक बरं आलं, आणि लोक आणखी हसले.

तिसऱ्या वर्षी पाऊस निम्माच झाला. रोहकाची बाजरी वीतभर वाढली आणि पिवळी पडली. घरोघरी तेच. लोकांनी परमुलखात जायला गाड्या जुंपल्या. रोहकाच्या सुनेचे दिवस भरत आले होते; वाटेत तिचं काय होईल? लाज गिळून तो सुभूमाच्या शेतावर गेला. पाहतो तो काय, एकेका शमीखाली बाजरीची भरली कणसं डुलत होती!

त्यानं उपरणं सुभूमाच्या पायांशी ठेवलं. "मी चुकलो रे. मला हवं ते बोल, पण गावाला दाणे दे."

सुभूमानं त्याला उठवलं. "शेतात आहे, कणगीत आहे, ते सगळं गावाचं. रोज एक वेळची पेज तरी नक्की होईल. पण एक करा, ग्रामणी. तोडलेल्या बुंध्यांना फुटवे आलेत. नांगर त्यांना चुकवून चालवा, शेळ्यांपासून राखा."

"माझ्या हयातीत जमीन सुधारेल?"

सुभूमाला खोटा दिलासा देववेना. "नाही. सुनेच्या पोटी जे येईल, ते त्या जमिनीचं खाईल."

रोहक बांधावर बसून ढसाढसा रडला. मग त्यानं जुंपलेल्या गाड्यांचे बैल सोडायला लावले आणि फुटव्यांना कुंपण करण्यासाठी स्वतः काटे तोडायला गेला.

इतकं सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तो रोहक म्हणजे आज विहारातल्या रोपांना न चुकता पाणी घालणारा आपला स्थविर पुण्णक, आणि सुभूम मीच होतो. गावानं झिडकारलं तरी त्यानं खरं सोडलं नाही, आणि खरं ठरल्यावर गावाला झिडकारलं नाही. यालाच क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता, म्हणतात."