वकिलाचं ताट

कोंडगिरीचं राज्य एवढंसं, आणि त्याला आडोसा एकाच डोंगराचा. शेजारच्या बादशहाचा वकील रायभान पंगतीत बसता बसता म्हणाला, "राणीसाहेब, तो डोंगर आम्हाला द्या. मैत्रीचा तह झाल्यावर तिथे तुमचा पहारा कशाला? आमच्या शब्दावर विश्वास नाही?"



विषाच्या भीतीने प्रत्येक पदार्थ आधी चाखणारा रायभानचा नोकर पुढे वाकला, तोच राणी मैनावतीने ताट ओढून घेतलं. पाहुण्याचा असा अपमान! दरबार हादरला. राणीने ते ताट रायभानसमोर ठेवलं.

"जेवा वकीलसाहेब. विष नाही, माझा शब्द आहे."

रायभानचा हात काही ताटाकडे जाईना.

"एका घासाला तुम्हाला पहारा लागतो," राणी म्हणाली, "आणि मी अख्खं राज्य शब्दावर सोडू?"

ताट भरलेलंच परत गेलं. डोंगर कोंडगिरीचाच राहिला.